गटात वाचलेली प्रकरणे सुधारतात, पण कादंबरी पुढे सरकत नाही

कोरे_पान

नमस्कार. गेली पावणेतीन वर्षे मी माझ्या पहिल्या कादंबरीवर काम करते आहे. नोकरी पूर्णवेळ असल्यामुळे लेखनासाठी पहाटेचा एक तास आणि सुट्टीच्या दिवशी पदरात पडेल तेवढा वेळ, एवढेच हाताशी असते. दीड वर्षापूर्वी मी एका लेखनगटात सामील झाले. आम्ही सात जण दर पंधरा दिवसांनी भेटतो आणि प्रत्येक बैठकीत दोघांचे लेखन वाचले जाते, त्यामुळे साधारण सात आठवड्यांनी एकदा माझी पाळी येते.

आतापर्यंत अशा अकरा पाळ्या झाल्या. त्यांत मी पहिली सहा प्रकरणे वाचली आणि त्यांपैकी पाच पुन्हा दुरुस्त करून वाचली. गटात आले तेव्हा चार प्रकरणांचा कच्चा खर्डा तयार होता, म्हणजे हिशेब मांडला तर दीड वर्षात नवीन असे जेमतेम अडीच प्रकरणांचे लेखन झाले आहे. सातवे प्रकरण चार महिन्यांपासून अर्ध्यावर पडून आहे.

गटातली माणसे चांगली आहेत, हे आधीच सांगते. दुसऱ्या प्रकरणात नायिका आणि तिचा भाऊ यांचे भांडण होते आणि पुढच्याच पानावर ती एकटी बसून रडते. भाऊ खोलीतून केव्हा गेला, असे तिघांनी एकदम विचारले. तो जातो ते वाक्य मी आधीच्या एका दुरुस्तीत काढून टाकले होते, आणि माझ्या मनात ते इतके पक्के होते की पानावर ते नाही हे दहा वेळा वाचूनही मला दिसले नव्हते. एकटीने ही चूक मला कधी सापडली असती असे वाटत नाही.

अडचण वेगळीच आहे. आता नवीन वाक्य लिहायला घेतले की ते पूर्ण होण्याआधीच सहा जणांचे चेहरे समोर येतात. हे वाक्य अमक्याला अलंकारिक वाटेल, तमकी म्हणेल की पात्राचा हेतू स्पष्ट होत नाही, असे वाटून मी तिथेच थांबते आणि मागे जाऊन आधीचे प्रकरण घासत बसते. कादंबरी पूर्ण केलेल्यांना माझे दोन प्रश्न आहेत. तुमचा रोजचा लेखनाचा वेळ प्रत्यक्षात कसा जातो? आणि कादंबरी लिहिताना गट हवा की नको, हवा असेल तर नेमका कशासाठी?

---

पहाटपाळी

आधी पहिल्या प्रश्नाबद्दल. माझ्या तीन कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या आहेत आणि तिन्ही नोकरी सांभाळून लिहिल्या आहेत. कादंबरीकाराचे आयुष्य म्हणून लोकांच्या डोळ्यांपुढे जे चित्र असते, त्यातले माझ्या वाट्याला फारसे काही आलेले नाही. माझे काम बरेचसे हजेरीपटासारखे चालते. आठवड्यातून पाच दिवस, दिवसाला ३०० शब्द, म्हणजे आठवड्याला १,५०० होतात आणि ८०,००० शब्दांचा कच्चा खर्डा सुमारे ५३ आठवड्यांत हाती येतो. आजारपणे, लग्नकार्ये आणि कार्यालयातला वर्षअखेरचा गोंधळ धरून मला प्रत्यक्षात पंधरा ते सतरा महिने लागतात.

या बाबतीत मी एकोणिसाव्या शतकातले इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप यांना गुरू मानतो. ते ब्रिटिश टपाल खात्यात मोठ्या जबाबदारीची नोकरी करत आणि पहाटे साडेपाचला टेबलाशी बसत. समोर घड्याळ ठेवून दर पाव तासाला २५० शब्द असा त्यांचा नेम होता. किती पाने झाली याची ते तारीखवार नोंद ठेवत, आणि या पद्धतीने त्यांनी ४७ कादंबऱ्या लिहिल्या. त्यांच्या मृत्यूनंतर १८८३ मध्ये आत्मचरित्र प्रसिद्ध झाले, तेव्हा हा हिशेबीपणा वाचून पुष्कळांनी नाके मुरडली, आणि चांभाराने जोडे शिवावेत तशी कादंबरी शिवणारा लेखक हा शिक्का त्यांच्यावर बराच काळ राहिला. माझ्या दृष्टीने मात्र त्या आत्मचरित्रातला सर्वांत उपयोगी तपशील घड्याळाचा नाहीच. तीन तासांच्या बैठकीतला पहिला अर्धा तास ते आदल्या दिवशी लिहिलेले वाचण्यात घालवत, शब्दांचा नाद कानाला कसा लागतो ते पाहत, आणि मग पुढे लिहू लागत. मागे जाण्याला त्यांनी वेळेची सीमा घातली होती. आपल्यासारखी तासाभराची पहाट असणाऱ्यांनी ती दहा मिनिटांवर आणावी आणि फक्त कालचे पान वाचावे. पाचवे प्रकरण उघडायचेच नाही.

माझ्या वहीत तीन रकाने असतात. तारीख, शब्दसंख्या आणि ‘उद्या काय’. तिसऱ्या रकान्यात एकच ओळ लिहितो, उदाहरणार्थ ‘तो किल्ली परत मागतो’. सकाळी डोळ्यांवर झोप असताना कोऱ्या पानापेक्षा ही ओळ फार बरी वाटते.

आता गटाबद्दल. माझा सल्ला असा की खर्डा पूर्ण होईपर्यंत आपले प्रकरण वाचणे बंद करावे, पण गट सोडू नये. बैठकीला जावे, इतरांचे मन लावून ऐकावे आणि आपली पाळी आली की फक्त एवढेच सांगावे की गेल्या सात आठवड्यांत एवढे शब्द झाले. मी दुसऱ्या कादंबरीच्या वेळी हेच केले. बैठकीत ‘शून्य’ म्हणताना जी लाज वाटते, ती कोणत्याही अभिप्रायापेक्षा मला अधिक लिहिते करते.

---

तिरकस_समास

पहाटपाळी यांच्या शब्दसंख्येच्या वहीला माझा विरोध नाही, पण अपूर्ण कादंबरी कुणाला ऐकवूच नये हा नियम मला घाईचा वाटतो. या संदर्भात फ्रेंच कादंबरीकार गुस्ताव फ्लोबेर यांची हकिकत थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण ती अर्धीच सांगितली जाते.

१८४९ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी लुई बुइये आणि माक्सीम द्यू कां या दोन मित्रांना घरी बोलावले आणि संत अँटनीच्या मोहांवरचे आपले नुकतेच पूर्ण झालेले लेखन वाचून दाखवले. वाचन चार दिवस चालले, दुपारी चार तास आणि रात्री चार तास, म्हणजे एकूण ३२ तास. संपेपर्यंत मित्रांनी मत द्यायचे नाही असे ठरले होते. शेवटच्या रात्री त्यांनी जे मत दिले ते द्यू कां यांनी पुढे आपल्या आठवणींत नोंदवले आहे. हे आगीत टाकून दे आणि पुन्हा त्याचे नावही काढू नकोस, असा त्याचा आशय होता. दोन वर्षांनी फ्लोबेर यांनी ‘मादाम बोव्हारी’ लिहायला घेतली, या ठिकाणी ही गोष्ट बहुतेक जण थांबवतात आणि परखड मित्रांचे माहात्म्य गातात.

पण ‘मादाम बोव्हारी’ लिहिली जात असताना, १८५१ पासून पहिली दोनेक वर्षे, म्हणजे १८५३ मध्ये पॅरिसला राहायला जाईपर्यंत, तेच बुइये दर रविवारी त्यांच्याकडे येत आणि त्या आठवड्यात जे लिहून झाले असेल ते ऐकत. एकेका आठवड्याला कसेबसे एखाददुसरे पान पुढे सरकणाऱ्या त्या लेखकासाठी हा रविवार ठरलेला होता. म्हणजे अपूर्ण कादंबरी जवळपास दोन वर्षे सतत ऐकवली गेली आणि तिचे काहीही बिघडले नाही. दुसरे असे की, जे आगीत टाकायला सांगितले होते ते फ्लोबेर यांनी टाकले नाही. त्यांनी ते पुन्हा पुन्हा लिहिले आणि १८७४ मध्ये छापले. मित्रांचे म्हणणे त्या खर्ड्यापुरते बहुधा बरोबर होते, त्या विषयाबद्दल मात्र नव्हते, आणि हा फरक फक्त लेखकालाच करता आला.

कोरे_पान, तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला या दोन प्रसंगांत दिसते. पहिल्या वेळी ऐकणाऱ्यांनी सगळे एकदम ऐकले. दुसऱ्या वेळी एकाच माणसाने पहिल्यापासून क्रमाने ऐकले, आणि तेही आठवड्याआठवड्याला, त्यामुळे मागचे त्याच्या लक्षात होते. तुमच्या गटात यांपैकी काहीच घडत नाही. सहा जण सात आठवड्यांच्या अंतराने एक प्रकरण ऐकतात. मधल्या काळात त्यांनी इतर सहा जणांच्या कथा, लेख आणि प्रकरणे ऐकलेली असतात. तुमच्या नायिकेचे पहिल्या प्रकरणातले वय तरी त्यांना आठवत असेल का, अशी मला शंका आहे. त्यांना जे समोर आहे त्यावरच बोलता येते, आणि समोर असते ती वाक्ये. मग वाक्यांवर चर्चा होते, तुम्ही वाक्ये सुधारता, आणि कादंबरी जिथल्या तिथे राहते.

(गटांच्या बाबतीत माझा अनुभव कडवट आहे हेही कबूल करतो. मी ज्या मंडळात होतो तिथे दोन वर्षांत सगळ्यांची शैली एकसारखी झाली होती. सगळ्यांच्या कथा खिडकीपाशी संपू लागल्या, तेव्हा मी बाहेर पडलो.)

---

मुद्रितवाचक

मी वीस वर्षे इतरांची हस्तलिखिते संपादित करत आलो आहे, स्वतः कादंबरी लिहिलेली नाही, तेव्हा माझे म्हणणे त्या मर्यादेत घ्यावे.

तिरकस_समास यांनी अंतराचा मुद्दा मांडला तो महत्त्वाचा आहे, आणि त्याला आणखी एक कारण जोडता येईल. आज बहुतेक लेखनगटांत जी पद्धत दिसते, म्हणजे प्रत्येकाने पाळीपाळीने बोलायचे, लेखकाने तोवर गप्प बसायचे आणि शेवटी उत्तर द्यायचे, तिचा एक प्रसिद्ध उगम अमेरिकेतल्या मिलफर्ड येथे आहे. डेमन नाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये तिथे विज्ञानकथालेखकांची परिषद सुरू केली. पुढे १९६८ मध्ये क्लॅरियन कार्यशाळेने हीच पद्धत उचलली आणि तिथून ती सर्वत्र गेली. लेखकाने गप्प बसण्याचा नियम फार शहाणपणाचा आहे, कारण छापलेल्या पुस्तकाबरोबर लेखक वाचकाच्या घरी जाऊन खुलासे करू शकत नाही. मात्र ही पद्धत कथेच्या मापाची आहे. कथा एका बैठकीत पूर्ण ऐकता येते. कादंबरीचे प्रकरण त्याच मापाने तोलले की प्रत्येक प्रकरणाला स्वतःचा उठाव आणि स्वतःचा शेवट असावा अशी अपेक्षा नकळत तयार होते. अशा रीतीने गटात तावून सुलाखून निघालेली हस्तलिखिते मी लगेच ओळखतो. दर पंधरा पानांनी टाळी घेणारे वाक्य येते, आणि प्रकरणांमध्ये जी शांत, नुसती पुढे नेणारी पाने लागतात, ती कुठेच नसतात.

अभिप्राय कसा ऐकावा याचे एक उदाहरण देतो. एका लेखकाच्या कादंबरीतले चौदावे प्रकरण संथ आहे असे त्याच्या गटातल्या सर्वांनी सांगितले होते. त्या प्रकरणात नायकाला वडिलांचे जुने पत्र सापडते. उपाय मात्र प्रत्येकाचा वेगळा होता. पत्र छोटे करा, पत्र काढून टाका, पत्र बहिणीला सापडू द्या, प्रकरणाची सुरुवातच पत्राने करा, असे सगळे उपाय त्याने एकामागून एक करून पाहिले होते आणि हस्तलिखित माझ्याकडे आले तेव्हा तो पुरता थकला होता. मी सलग वाचले तेव्हा लक्षात आले की तिसऱ्या प्रकरणात काकांच्या एका बोलण्यात, अगदी जाता जाता, पत्रातला मजकूर वाचकाला कळून चुकलेला आहे. चौदाव्यात नवीन काही समजतच नव्हते, मग ते संथ वाटणारच. तिसऱ्या प्रकरणातल्या दोन ओळी काढल्या आणि चौदावे प्रकरण मूळ रूपात जसेच्या तसे ठेवले.

गट चुकीचा नव्हता. कंटाळा कुठे आला हे त्यांनी अचूक सांगितले होते. कारण मात्र त्यांच्या हाती लागणे शक्य नव्हते, कारण तिसरे प्रकरण त्यांनी आठ महिन्यांपूर्वी ऐकले होते. त्यामुळे मी लेखकांना सांगतो की ऐकणारे ‘इथे माझे लक्ष उडाले’ म्हणाले तर ते निमूटपणे लिहून घ्यावे, आणि ‘इथे असे करा’ म्हणाले तर हसून मान डोलवावी.

कादंबरी पूर्ण झाल्यावर गटातल्या दोघांनाच निवडा, सहाही जणांना नको, आणि त्यांना संपूर्ण हस्तलिखित एकदम द्या. सूचना मागू नका, तीनच खुणा करायला सांगा. वाचन थांबवून उठलात ती जागा, पाने चाळून पुढे गेलात ती जागा, आणि काही आठवेना म्हणून मागे पाने उलटलीत ती जागा. दोघांच्या खुणा जिथे एकत्र येतील तिथून मागे शोध घ्यायला लागा.

---

दुपारची_शाई

वरच्या सगळ्या चर्चेत गटाला जणू तपासनीस समजले आहे, म्हणून थोडे वेगळे लिहिते.

अमेरिकन लेखिका टोनी मॉरिसन यांची पहिली कादंबरी १९७० मध्ये आली. तिचे बीज एका लेखनगटातले आहे. हॉवर्ड विद्यापीठात शिकवत असताना त्या लेखकांच्या एका अनौपचारिक गटात जात होत्या आणि तिथे निळे डोळे हवे असणाऱ्या एका कृष्णवर्णीय मुलीची छोटी कथा त्यांनी लिहून नेली होती. पुढे दोन मुलगे आणि संपादनाची नोकरी सांभाळत, मुले उठण्याआधीच्या वेळेत लिहीत, त्या कथेची कादंबरी झाली. कादंबरी त्यांनी एकट्यानेच लिहिली, पण बैठकीला काहीतरी न्यायचे आहे ही निकड नसती तर ती छोटी कथा तरी कागदावर उतरली असती का, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

आणि पहाटपाळी यांच्या नियमाला उलटे उदाहरण हवे असेल तर टॉल्किन आहेत. त्यांनी १९३७ च्या अखेरीस सुरू केलेली ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही मोठी कथा पूर्ण व्हायला सुमारे बारा वर्षे लागली आणि ती १९५४-५५ मध्ये छापून आली. तिची नवी नवी प्रकरणे ते ऑक्सफर्डमधल्या मित्रमंडळात वाचून दाखवत. मंडळातल्या एकाला ती ऐकून ऐकून कंटाळा आला होता आणि तो ते लपवतही नसे. त्याच मंडळातले लेखक सी. एस. लुइस मात्र पुढचे काय झाले म्हणून मागे लागत. आपल्यावर लुइस यांचे ऋण आहे ते प्रभावाचे नसून निखळ प्रोत्साहनाचे आहे, असे टॉल्किन यांनी नंतर एका पत्रात लिहिले. कोरे_पान, तुमच्या गटात ‘पुढे काय होते’ असे विचारणारे कुणी आहे का? असेल तर त्या एका व्यक्तीला गटाबाहेर, चहा घेता घेता, सातवे प्रकरण अर्धेच ऐकवा.

आणखी एक गोष्ट, जी खर्डा चालू असताना सुचत नाही. लेखन संपल्यावरची वर्षेही कादंबरीकाराच्या कामाचाच भाग असतात. माझे हस्तलिखित एका प्रकाशकाकडे चौदा महिने पडून होते, होकार नाही आणि नकारही नाही. दोन ओळींचे स्मरणपत्र कसे लिहावे, किती महिन्यांनी लिहावे, दुसरीकडे पाठवण्याआधी पहिल्याला लेखी कळवावे, करारात अनुवादाचे हक्क वेगळे मागावेत, हे सगळे मला माझ्या गटातल्या एका ज्येष्ठ बाईंनी शिकवले. माझ्या कादंबरीवरचे त्यांचे अभिप्राय खरे सांगायचे तर मला कधीच पटले नाहीत.

---

कोरे_पान

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे दोनदा वाचली.

मुद्रितवाचक यांचे टाळी घेणाऱ्या वाक्याबद्दलचे निरीक्षण वाचून मी माझी सहा प्रकरणे उघडली आणि फक्त शेवटची वाक्ये ओळीने वाचून पाहिली. सहापैकी पाच तशीच आहेत. एकात तर खिडकीही आहे.

गट सोडत नाही. पुढच्या पाळीला वाचन करणार नाही, फक्त शब्दसंख्या सांगणार असे कळवले आहे. एकाने विचारले की मग तू येणार कशाला, आणि त्याचे मला वाईट वाटले, पण बाकीच्यांनी सांभाळून घेतले. ‘पुढे काय होते’ असे विचारणारी एक मैत्रीण गटात आहे. तिचे अभिप्राय नेहमी तोकडे असतात म्हणून आजवर मी त्यांकडे फारसे लक्ष दिले नव्हते. तिला रविवारी भेटते आहे.

पहाटपाळी, मला मागे जाण्याला दहा मिनिटे पुरत नाहीत, पंधरा होतात. पण काल आणि आज मिळून ५४० शब्द झाले. सातव्या प्रकरणात तो भाऊ परत आला आहे आणि या वेळी तो दारातून आत येतानाचे वाक्य मी पानावर लिहिले आहे, हे तीनदा तपासले.

मुद्रितवाचक यांना एक शंका विचारते. त्या दोन वाचकांना हस्तलिखित छापून द्यावे की संगणकावरची प्रत चालेल?

---

मुद्रितवाचक

छापून द्या. उजवीकडचा समास चांगला रुंद सोडा, पानांवर क्रमांक घाला आणि प्रकरणांना शीर्षके देऊ नका, नुसते आकडे ठेवा. खुणा पेन्सिलीने करायला सांगा. पेनाने लिहायला दिले की लोक वाक्ये दुरुस्त करू लागतात.